पुंजारामकाकांची उत्तरं

पुंजारामकाका चहा तसाच ठेवून उठून गेले, ही गोष्ट काही केल्या आरतीच्या मनातून जात नव्हती. काल शनिवारी दुपारी गेले. आज रविवारचे चार वाजत आले, तरी तो कप तिच्या डोळ्यांपुढून हलेना. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेला. शेवगावच्या स्टँडवर एस.टी. हलायला लागली तरी या माणसानं कधी बशीतला शेवटचा घोट सोडला नव्हता. त्यांची आई लंकाबाई म्हणायची, "देवानं ह्याला उंची कमी दिली, पन तहान डबल दिली." असा माणूस भरला कप ठेवून उठतो, म्हणजे आत काय तुटलं असेल?

काल रात्री मोबाईलवर त्यांच्या आवाजातला रेकॉर्ड केलेला निरोप आला होता. "पोचलो." बस, एवढंच. एरवी काकांचा निरोप म्हणजे तीन-चार मिनिटांची कथा असायची. कंडक्टर कसा तुसडा होता, करंजी घाटात कोणाची म्हैस आडवी आली, तिसगावला भजी गार होती. काल एक शब्द. त्यानंतर आरतीनं चार वेळा फोन लावला. चारही वेळा वाजून वाजून बंद झाला.

आणि सहा वाजता पुण्याला वडिलांच्या जुन्या कार्यक्रमाच्या फायली पाठवायच्या होत्या. एकदा गेल्या की गेल्या.

पुंजारामकाकांची उंची साडेतीन फूट. शेवगावजवळच्या एका वाडीत जन्मले. बारा वर्षांचे असताना लग्नातला बँडवाला त्यांना न्यायला घरी आला होता. झगझगीत कोट घालायचा, टोपी घालायची आणि नवरदेवाच्या घोड्यापुढं नाचायचं, एवढंच काम. लंकाबाईनं त्याला उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि म्हणाली, "आदी तुमच्या नवरदेवाला नाचवा. त्यो चांगला नाचला तर माझा पोरगा बगायला यील." बँडवाला गेला तो परत आला नाही. पोरगा दहावीपर्यंत शिकला. शिकून करायचं काय, हा प्रश्न होताच. पण देवानं उंचीत कापलेलं सगळं बहुतेक गळ्यात भरलं होतं. आवाज असा की घागरीतून यावा तसा, खोल आणि भरलेला. तो आवाज मग लाउडस्पीकरच्या रिक्षात जाऊन बसला. कापडाचा सेल, नळाला पाणी कधी येणार, हरवलेली गाय, आणि मयत. शेवगावात कोण गेलं हे आधी पुंजारामच्या आवाजाला कळायचं आणि मग सोयऱ्यांना. बाहेरगावची माणसं तो आवाज ऐकून रिक्षात डोकावायची आणि आत धिप्पाड माणूस शोधायची. तो सापडायचा नाही. पुंजारामला त्याची फार गंमत वाटायची.

आरतीच्या वडिलांना, माधव सरांना, तो सापडला भाजीबाजारात. सर शाळेत मराठी शिकवायचे. एक व्यापारी मेथीच्या ढिगाआडून ओरडला, "ए दीडफुट्या, जुडीमागं लपलास काय रं?" बाजार हसला. पुंजाराम जागचा हलला नाही. त्या घागरीतल्या आवाजात म्हणाला, "लपलो न्हाई शेठ. तुमचा काटा खालून बघतुया. वरून त्यो कुनालाच दिसत न्हाई." मग बाजार जो हसला, तो व्यापाऱ्याला पुढचा महिनाभर पुरला. सरांच्या हातातली पिशवी तशीच लोंबत राहिली. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "भाजी राहिली. पण एक माणूस मिळाला."

हे अठ्ठ्याण्णव सालचं. तेव्हा तालुक्याच्या गावात केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल असायचं. त्यावर लग्नाच्या कॅसेटी आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती चालायच्या. सरांनी केबलवाल्याला पटवलं आणि त्याच्या ऑफिसमागच्या हॉलमध्ये 'वेशीवरचा बाक' सुरू झाला. कापडावर रंगवलेली वेस, पुढं शाळेतला जुना बाक, लग्नाचं शूटिंग करणारा एकच कॅमेरा. चुकलं तरी दुसरा टेक नाही, कारण कॅसेट वाया घालवायला परवानगी नव्हती. पिठाच्या गिरणीवाले मच्छिंद्रभाऊ गावगुंड पैलवान व्हायचे. खऱ्या आयुष्यात ते मुंगी चिरडली तरी हळहळणारे. दर भागात गावातली एखादी भानगड बाकावर यायची, आणि ती रंगात आली की बहुतेक वेळा पैलवान पुंजारामकडं वळायचा. "ए दीडफुट्या!" मग पुंजाराम बाकावर चढायला लागायचा. दोन्ही हात टेकून, एक गुडघा वर, मग दुसरा. चढेपर्यंत सगळे गप्प. वर उभा राहिला की तो पैलवानाच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर द्यायचा.

"दीडफुट्या, बाकावर चढायला शिडी आणू का रं?"

"आन की. पन तुझ्या खांद्याचीच आन. मागल्या विलेक्शनला समद्या पार्ट्या त्याच्यावरनंच वर गेल्या."

"दीडफुट्या, गर्दीत तुला कोन बघतं?"

"मला कुनी बघत न्हाई, पन मला समद्यांचे पाय दिसत्यात. कोन कुनाच्या दारात चपला काढतंय, ते मला इचार. सांगू?"

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता शेवगावातले रस्ते ओस पडायचे. बेचाळीस भाग झाले. मग केबलवाल्यानं धंदा विकला, सरांची बदली झाली आणि कॅसेटी पत्र्याच्या पेटीत गेल्या.

निवृत्तीनंतर शेवगावात परतलेले सर दोन वर्षांपूर्वी गेले. अंत्ययात्रेची बातमी रिक्षातून सांगायला पुंजारामकाका स्वतः बसले, हल्ली सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून लावतात तरीही. गल्लीगल्लीतून फिरले. चौकात सरांचं नाव घेताना तो आवाज एकदाच अडला. अख्ख्या शेवगावानं तो अडलेला ऐकला.

आरतीनं नगरला सावेडीतल्या एका स्टुडिओत कॅसेटी देऊन त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. वडिलांची आठवण म्हणून. नंतर कुणीतरी पुण्याच्या एका कंपनीचं नाव सुचवलं. जुने गावाकडचे कार्यक्रम मिळवून मोबाईलच्या अॅपवर दाखवणारी कंपनी होती. त्यांना 'बाक' फार आवडला. तिथला हर्षल नावाचा मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, सोनं आहे हे. फक्त तो शब्द."

"कुठला?"

"तुम्हाला माहितीये मॅडम. शरीरावरून, जातीवरून बोललेलं आमच्याकडे चालत नाही. एक तर तुम्ही ते काढा. नाहीतर सुरुवातीला पाटी लावून आहे तसं ठेवता येईल, पण मग त्या कलाकाराची लेखी संमती लागेल. काढलेलं सोपं."

आरतीनं काकांना विचारलं तेव्हा ते फोनवरच हसले होते. "टाका की बाळ! मला लई दिसांनी मी बघायला मिळंल." संमतीचा कागद घेऊन शेवगावला जायचं असं तिनं ठरवूनही टाकलं होतं. पण मग त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट निवेदिताची, म्हणजे आरतीच्या लेकीची. निवू नऊ वर्षांची. कॅसेटी उतरवून आणल्यापासून ती रोज आजोबांचा कार्यक्रम लावून बसायची. आरतीही शेजारी बसून हसायची. मग शाळेतून बाईंचा फोन आला. वर्गात आदिनाथ नावाचा एक मुलगा आहे, जरा ठेंगणा. निवूनं त्याला मधल्या सुट्टीत हाक मारली होती, "ए दीडफुट्या!" सगळा वर्ग तेच ओरडायला लागला. तो मुलगा डबा बंद करून पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसला. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." आरतीला वाटलं, जमिनीनं दुभंगून आत घ्यावं. घरी आल्यावर तिनं निवूला विचारलं, तर निवू रडत म्हणाली, "मला वाटलं तो पण काकांसारखं काहीतरी भारी बोलेल. त्याला काहीच येत नव्हतं."

त्याला काहीच येत नव्हतं. आरतीला रात्रभर झोप लागली नाही. आपल्या घरातून, आपल्या वडिलांच्या कार्यक्रमातून, एक दगड उचलून आपल्या पोरीनं दुसऱ्या आईच्या पोराला मारला होता. आणि ती स्वतः शेजारी बसून हसत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे संस्कृतीचा फोन. संस्कृती काकांची एकुलती एक मुलगी. 'बाक' बंद झाला त्या साली जन्मली. चार माणसांत उभी राहिली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी साधारण उंचीची. जामखेडकडच्या एका शाळेत गेल्या वर्षी शिक्षिका म्हणून लागली होती.

"ताई, बाबांनी सांगितलं तुम्ही ते ऑनलाइन टाकताय."

"अगं हो! तुला सांगणारच होते."

"तो शब्द काढा."

आवाज पार कोरडा होता.

"ताई, पहिली ते दहावी माझं नाव फक्त हजेरीपटात होतं. बाकी सगळीकडं 'दीडफुट्याची पोर'. किराणा दुकानात, बसमध्ये, गॅदरिंगला. आधी बाबांना तो शब्द बाजारातली दहा-बारा टाळकी म्हणायची. तुमच्या वडिलांनी तो टीव्हीवर घातला आणि अख्ख्या तालुक्याला पाठ करून दिला. सरांच्या शोकेसमध्ये बक्षिसं आली. आमच्या घरात काय आलं?"

"संस्कृती, पण काका त्यात किती..."

"मला माहितीये बाबा किती हसवायचे. हसवायचेच ना. इथं मला कुणी त्या नावानं ओळखत नाही. माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत आणि चाळिसांच्या घरात मोबाईल आहे. सोमवारी सकाळी फळ्यावर तो शब्द लिहिलेला दिसला तर मी काय करू, तुम्ही सांगा."

आरतीला टाकीमागं बसलेला मुलगा आठवला.

"काढते," ती म्हणाली.

"आणि बाबांना मी सांगितलं म्हणून सांगू नका. त्यांना वाटेल मला त्यांची लाज वाटते. शपथ घ्या."

आरतीनं शपथ घेतली. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं तिनं, पण त्या क्षणी तिला दोन घाबरलेल्या मुलांपलीकडं काही दिसत नव्हतं.

त्याच्या पुढचे चार दिवस ती लॅपटॉपपुढं बसली. नुसता शब्द कापून भागेना. शब्द गेला की त्यामागून येणारं उत्तर लटकत राहायचं, कुणाला दिलंय तेच कळायचं नाही. मग तिनं उत्तरही कापलं. एकतीस ठिकाणी शब्द, एकतीस ठिकाणी उत्तर. तिला वाईट वाटलं, पण वडिलांची वाक्यं होती ती. वडिलांची म्हणजे तिचीच, असं तिनं धरलं. सुरुवातीच्या पाटीवर लिहिलंच होतं ना, लेखन : माधव सर.

शनिवारी काका कापलेले भाग बघायला नगरला आले. आरतीच्या घरी त्यांच्यासाठी एक बुटकी खुर्ची ठेवलेली असते, तिच्यावर बसले. टोपी मांडीवर ठेवली. नवा शर्ट घातला होता. निवू सोफ्याच्या हातावर चढून बसली. आरतीनं चहा पुढं ठेवला आणि टीव्ही लावला.

वेस दिसली, बाक दिसला. मच्छिंद्रभाऊ मिशीला पीळ देत आले. "गेला बिचारा, लई भला माणूस," काका म्हणाले. मग पैलवान वळला, त्यानं तोंड उघडलं आणि आवाज तुटला. चित्र एकदम पुढं उडालं. काका बाकावर चढत होते. एक गुडघा वर, मग दुसरा. पुन्हा चित्र उडालं आणि हॉलमधली माणसं खदखदून हसायला लागली. आणि लगेच दुसराच प्रसंग सुरू झाला.

"मधीच काय झालं हे? टेप खराब हाय व्हय?"

"नाही काका. ते कंपनीचे नियम आहेत. काही शब्द आता चालत नाहीत."

"कंचे शब्द?"

आरतीनं चहाचा कप पुढं सरकवला. निवूला गप्प राहवलं नाही.

"दीडफुट्या! आईनं काढलाय तो. वाईट शब्द आहे. मी म्हणाले तर मला शिक्षा झाली."

"निवू!"

काकांना हसू आलं. "वाईट हायच त्यो. तुज्या आईचं बरोबर हाय. पन काय गं निवाबाई, पैलवान म्हनतो, दीडफुट्या, तुला देवानं अर्ध्यातच सोडलं काय रं? मंग मी काय म्हनतो?"

निवू उडी मारून सोफ्यावर उभी राहिली. कमरेवर हात. नऊ वर्षांच्या गळ्यातून जमेल तेवढा जाड आवाज काढून म्हणाली, "न्हाई रं पैलवाना! देवानं आपल्या दोघांना सारखीच माती आनली हुती. माझं झाल्यावर जी उरली..."

काकांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. वाक्याचा शेवट यायला चार-दोन शब्द उरले होते.

"निवू, पुरे!" आरती केवढ्यानं ओरडली हे तिलाच नंतर कळलं. "आत जा. एक अक्षर बोलायचं नाही आता!"

निवू तोंड उघडं ठेवून थांबली. काकांचे ओठही तिथंच थांबले. मग मिटले.

टीव्हीवर काका पुन्हा बाकावर चढत होते.

"ते बी काढलं?" त्यांनी विचारलं.

"काका, मागचा शब्द नसला की पुढचं जुळत नाही. म्हणून."

"जुळत न्हाई. बरोबर हाय." ते पडद्याकडं बघत राहिले. लोक हसत होते. "मंग आता मी तिथं फकस्त चढतोय."

"काका..."

"आईनं बँडवाल्याला हाकलला हुता," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कळलं नाही. टोपी डोक्यावर घातली, खुर्चीवरून उतरले. "येतो बाळ. पाचची येस्टी हाय."

"चहा तरी..."

"ऊन हाय लई," म्हणाले आणि गेले. बाहेर ढग होते.

आरतीला सांगता आलं असतं. काका, हे मी नाही केलं, तुमच्या लेकीनं सांगितलं म्हणून केलं. पण शपथ घेतलेली होती. आणि खरं सांगायचं तर शपथ नसती तरी तिनं कापलंच असतं. टाकीमागचा मुलगा तिला शपथेपेक्षा जास्त छळत होता.

आज सकाळी हर्षलनं आणखी एक वाट सुचवली होती. "मॅडम, एवढं वाटतंय तर तो शब्द बदला ना. दुसरा कुठला तरी साधा शब्द डब करून घालू, पुढचं उत्तर तसंच ठेवू. मूळ स्क्रिप्ट आहे का तुमच्याकडे?"

होतं. सरांच्या फुलस्केप वह्या पेटीत कॅसेटींखालीच होत्या. आरतीनं आजवर त्या उघडल्या नव्हत्या, अक्षर बघितलं की रडू यायचं म्हणून. जेवण झाल्यावर तिनं पहिली वही काढली. वडिलांचं टपोरं अक्षर. पैलवानाची वाक्यं, म्हातारीची वाक्यं, कोण कुठून येतो, सगळं कसं नीट लिहिलेलं. पहिल्या भागात पैलवान म्हणतो, 'ए दीडफुट्या, बाकावर चढायला शिडी आणू का?' आणि त्याखाली :

'पुंजाराम : (त्याचं तो)'

तिनं पान उलटलं. दुसऱ्या भागात पैलवानाचं वाक्य, आणि खाली तेच. 'पुंजाराम : (त्याचं तो).' तिसऱ्यात तेच. तिनं चारही वह्या जमिनीवर पसरल्या आणि गुडघ्यांवर बसून एकेक पान बघत गेली. एकतीस ठिकाणी तेच शब्द. एकही उत्तर वडिलांच्या अक्षरात नव्हतं. सतराव्या भागाच्या समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'आज मी एक उत्तर सुचवून पाहिलं. पुंजाराम म्हणाला, सर, शिवी तुमची, उत्तर माझं. तालमीत सांगणार नाही, कॅमेऱ्यापुढंच देईन. रास्त आहे. या गड्याचं नाव लेखनात द्यायला हवं. केबलवाल्याशी बोलायचं.'

बोलायचं राहून गेलं असणार. पाटीवर एकच नाव होतं, आणि आरतीनं नव्या फायलींवर तेच पुन्हा टाइप केलं होतं.

ती भिंतीला टेकून बसली. चार दिवस बसून तिनं वडिलांच्या शिव्या कापल्या असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात शिव्यांच्या जोडीनं तिनं एका माणसानं आयुष्यात जे काही रचलं होतं ते सगळं कापलं होतं. ते कुठं लिहिलेलं नव्हतं. तालीम झाली नव्हती, दुसरा टेक नव्हता, दुसरी प्रत नव्हती. एकदा बाकावर उभं राहून बोललेलं, आणि त्या कॅसेटीवर उरलेलं. जे उरलं होतं ते म्हणजे एक बुटका माणूस बाकावर चढतोय आणि गाव हसतंय. बँडवाल्याला तरी याहून वेगळं काय हवं होतं?

पाच वाजून पाच मिनिटं.

तिनं पुन्हा काकांना फोन लावला. वाजत राहिला. ते फोन हातात धरून बसले असतील, नाव बघत, असं तिला वाटलं.

हर्षलला फोन करून सांगावं का, कापलेलं नको, आहे तसं ठेवू, पाटी लावा, काकांची सही मी आणते? सोपं होतं. मग उद्या सकाळी जामखेडकडच्या शाळेत कुणीतरी फळ्यावर काय लिहील? संस्कृतीनं हात जोडून मागितलेली एक गोष्ट आपण पायदळी तुडवायची? आधी वडिलांनी न विचारता तो शब्द तिच्या जन्माच्या नावाला चिकटवला, आता आपण न विचारता पुन्हा चिकटवायचा? आणि कापलेलंच पाठवलं, तर काका? त्यांना काय वाटलंय हे तर त्या कपानंच सांगितलं होतं. सरांच्या पोरीला आपली लाज वाटते. आपल्या उत्तरांचीसुद्धा.

"आई," दारात निवू उभी होती. कालपासून ती आईशी जपून बोलत होती. "काका रागावलेत का माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही गं."

"मी त्यांचं उत्तर बरोबर म्हणत होते ना? आदिनाथला पण शिकवलंय मी."

आरतीनं मान वर केली. "काय शिकवलंस?"

"माती उरली ते. सॉरी म्हणायला गेले ना तेव्हा. तो म्हणाला, परत सांग. मग आम्ही दोघांनी पाठ केलं. परवा सातवीतल्या एका मुलानं त्याला चिडवलं तर तो डेस्कवर चढून म्हणाला, 'माझं झाल्यावर उरलेली समदी माती देवानं तुझ्या डोक्यात भरली.' सगळे हसले. तो मुलगाच पळाला." निवूनं जरा घाबरून विचारलं, "हे पण सांगायचं नव्हतं का?"

आरतीनं निवूला जवळ ओढलं आणि केसांत तोंड लपवून बसली. मुलाला त्यानं बरं वाटलं असेल, पण डेस्कवर चढावं लागलंच ना त्याला. याचा आनंद मानायचा की काळजी करायची, तिला ठरवता येईना. पण एक गोष्ट मघापासून डोक्यात ठोठावत होती, ती आता स्पष्ट झाली. संस्कृतीनं 'बाक' पाहिलाच नव्हता. ती जन्मली तेव्हा तो बंद झाला होता. कॅसेटी सरांच्या पेटीत होत्या. तिच्यापर्यंत बाजारातून, बसमधून, गॅदरिंगमधून फक्त शब्द पोचला होता. उत्तर कुणीच तिच्या घरापर्यंत नेलं नव्हतं. चिडवणारे ते कशाला नेतील? आणि काका आपली उत्तरं घरी सांगणाऱ्यातले नव्हते. "हसवायचेच ना," ती म्हणाली होती. तिला वाटत होतं बाबा स्वतःचं हसं करून घ्यायचे.

आरतीनं लॅपटॉप ओढला. न कापलेल्या फायलीतून चार प्रसंग काढले. शिडीचा, गर्दीतल्या पायांचा, मातीचा, आणि शेवटच्या भागातला. वहीतल्या सतराव्या भागाच्या समासाचा फोटो काढला. सगळं संस्कृतीच्या नंबरवर पाठवलं. खाली काहीही लिहिलं नाही. काय लिहिणार?

पाच वीस. एक खूण. मग दोन खुणा. मग दोन्ही निळ्या झाल्या.

ती वाट बघत बसली. चारही प्रसंग मिळून सहा मिनिटांचे होते. सहा मिनिटं झाली, आठ झाली, दहा झाली. उत्तर नाही. हर्षलचा निरोप आला, 'मॅडम, फाइल्स?' तिनं उघडला नाही.

कदाचित संस्कृती भडकली असेल. शपथ घेऊन आठवडाही झाला नाही आणि तोच शब्द, बापाच्या तोंडासमोर चार चार वेळा, तिच्याच मोबाईलवर. कदाचित तिनं अर्ध्यातच बंद केलं असेल. आणि कदाचित तिनं सगळं बघितलं असेल आणि तरीही म्हणेल, काढा. तो तिचा हक्क होता. मग आरती काढणार होती, पण मग काकांना तोंडावर खरं सांगून, तुमच्या लेकीसाठी काढलं म्हणून, आणि ते सांगायला लेकच बरोबर हवी. या दोघांमध्ये भिंत बनून उभं राहणं आता तिला झेपणार नव्हतं. शपथ मोडायची तर जिनं घातली तिच्यापुढंच मोडायची.

पाच पस्तीस. तिनं फोन उचलला.

"कुणाला करतेस? हर्षलदादाला?" निवूनं विचारलं.

"संस्कृतीमावशीला."

"ओरडेल ती?"

"ओरडू दे," आरती म्हणाली आणि नाव दाबलं.